नऊशे अठ्ठ्याहत्तर

चंपाक्कांच्या सोप्यात एक घड्याळ आहे, ते सहा तासांनी चुकीचं चालतं. आपले सकाळचे आठ वाजतात तेव्हा त्यात दोन वाजलेले असतात. आलेला-गेलेला माणूस सांगतोच, "आक्का, सेल संपला वाटतं." चंपाक्का लाटणं न थांबवता म्हणतात, "सेल नवा हाय. त्ये बरोबर हाय. तुमचंच चुकलंय."

ते घड्याळ केबेदेनं लावलं. तो इथिओपियाचा. त्यांच्याकडे दिवस उगवला की तास मोजायला लागतात. आपल्या सातला त्यांचा एक वाजतो. "मध्यरात्री मोजायला सुरुवात कशाला करायची?" तो विचारायचा. "तेव्हा मोजायला जागं कोण असतं?"  

मी बेळगावातल्या एका पदव्युत्तर विभागात चोवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो आहे. केबेदे आमच्याकडे एम. एस्सी. करायला आला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. त्याच्या देशातल्या डोंगराळ भागातल्या एका शाळेत तो अकरा वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होता. सरकारनं दोन वर्षांची रजा दिली होती, आणि अट एकच: दोन वर्षांत पदवी घेऊन परत यायचं. पदवीशिवाय परतला, तर शाळेतली जागाही गेली. ही अट त्यानं मला पहिल्याच भेटीत सांगितली होती. म्हणजे पुढं जे घडलं, ते माहीत नव्हतं म्हणून घडलं, असं म्हणायची सोय मला नाही.

आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं. इथं ते मराठीत लिहितो आहे. चंपाक्कांशी मात्र तो त्यांच्याच बोलीत बोलायचा, आणि सहा महिन्यांत माझ्यापेक्षा ठसक्यात बोलू लागला होता.

त्याच्याबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही थोडं लिहावं लागेल. तो कसा होता हे मी कसा वागलो त्यावरून जास्त कळतं, म्हणून.

पहिल्या आठवड्यात तो खोलीची चौकशी करत माझ्याकडे आला. चार ठिकाणी नकार मिळाला होता. कुणी म्हणालं मांस शिजवाल, कुणी म्हणालं बायकामाणसांचं घर आहे. एकानं काहीच कारण दिलं नाही, नुसतं त्याच्या तोंडाकडे बघून दार लावलं. माझ्या घरावरचा मजला रिकामा होता. मी म्हणालो, "माझे पाहुणे येणार आहेत." कुणीही येणार नव्हतं. त्यानं मान हलवली आणि माझ्याकडे क्षणभर बघितलं. अकरा वर्षं वर्गात पोरांची खोटी कारणं ऐकलेला माणूस तो. त्याला कळलं असणार.

मग मी त्याला चंपाक्कांकडे घेऊन गेलो. वडगावात आमच्या मागच्या गल्लीत त्या राहतात. जैन घर, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगी सासरी. माहेर निपाणीजवळचं बोरगाव, त्यामुळं बोलणं तिकडचं, रोखठोक.

"मांस खातोस व्हय रं?" त्यांनी थेट त्यालाच विचारलं. मी भाषांतर केलं.

त्यानं सरळ सांगितलं, "खातो. पण बुधवारी आणि शुक्रवारी नाही. त्या दिवशी दूध, तूप, अंडंसुद्धा नाही. आणि मोठ्या सणाआधी पंचावन्न दिवस नाही."

चंपाक्का थबकल्या. "दूधबी न्हाय?"

"नाही."

"ह्यो तर आमच्याबी म्होरं गेलाय की!" त्या मला म्हणाल्या. "सांगा त्येला, घरात मांस आणायचं न्हाय. भाईर काय खाशील त्ये तुझं तू. आनि चपला भाईर."

असा तो त्या घरात राहिला. रविवारी दुपारी तो तव्यावर कॉफीच्या हिरव्या बिया भाजायचा. धूर निघाला की तवा घेऊन प्रत्येकाच्या नाकापुढं फिरवायचा, मग कुटून, उकळून, तीन वेळा सगळ्यांना द्यायचा. तिसरा पेला नाकारायचा नाही, हा त्यांचा रिवाज. चंपाक्का सूर्य मावळल्यावर पाणीही घेत नाहीत, हा त्यांचा. त्यामुळं तिसरा पेला उन्हं जायच्या आत संपवणं भाग होतं, आणि त्यातूनच ते घड्याळ भिंतीवर आलं. केबेदेच्या घड्याळात दिवस मावळायला बारा वाजतात. चंपाक्कांना ते फार पटलं. "बारा वाजायच्या आत जेवायचं. लई सोपं! आमच्या बापजाद्यांला सुचलं न्हाय ह्ये."

त्याच्या खिशात कायम दोन वस्तू असायच्या: मीटरभर दोरा आणि ट्रॅक्टरचा एक लोखंडी नट. कुठंही जरा वेळ मिळाला की दोऱ्याला नट बांधून तो झाडाला, खिळ्याला, बसच्या थांब्याच्या पाइपला टांगायचा आणि झोके मोजायचा. झोक्याला किती वेळ लागतो यावरून पृथ्वी त्या जागी किती जोरानं ओढते ते काढता येतं. दोरा आणि नटानं फार बारीक हिशेब लागत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पण सवय. त्याच्या शाळेत प्रयोगशाळा नव्हती. अकरा वर्षं त्यानं मुलांना एवढ्यावरच शिकवलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत चंपाक्का त्याला माहेरी घेऊन गेल्या. मलाही ओढलं. बोरगावात त्यांच्या भावाच्या, बाबगोंडा अण्णांच्या मळ्यात आम्ही बसलो होतो. केबेदेनं बांधावरच्या आंब्याच्या फांदीला दोरा बांधला आणि मान खाली घालून मोजायला लागला. शंभर झोके मोजायचे म्हणजे तीन-सव्वातीन मिनिटं एकही शब्द बोलायचा नाही. तेवढ्यात चार माणसं जमली. दुसऱ्यांदा मोजेपर्यंत बारा झाली.

"पानाड्या हाय," कुणीतरी हळूच म्हणालं. "परदेशातला."

"नारळ न्हाय, काठी न्हाय. नटावर पानी बघतोय!"

"त्येंच्याकडं वाळवंट असतंय, मग लई बारीक बघत असतील."

शेजारच्या मळ्यातले एक म्हातारे आप्पा पुढं झाले. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि केबेदेला हात जोडले. "आमच्या वावरात या की वाईच. दोन बोअर कोरड्या गेल्यात. कुठं मारू तेवढं सांगा."

मला हसू येत होतं. मी केबेदेला इंग्रजीत म्हणालो, "दाखव कुठंतरी बोट. त्यांनाही बरं वाटेल, आपलंही जेवण चांगलं होईल." पदव्युत्तर वर्गांना भौतिकशास्त्र शिकवणारा मी हे म्हणालो.

त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. आप्पांकडे वळून म्हणाला, "आप्पा, मला म्हाईत न्हाय."

"म्हाईत न्हाय?"

"न्हाय. पानी कुठं हाय मला दिसत न्हाय. ह्ये दुसरं हाय." आणि त्यानं आप्पांच्या हातात दोरा दिला, आपलं मनगटी घड्याळ त्यांच्यापुढं धरलं आणि त्यांना झोके मोजायला लावले. आप्पा साठपर्यंत नीट मोजत गेले, मग कुणीतरी शिंकल्यानं चुकले आणि त्याच्यावर ओरडले.

निघताना आप्पांनी उसाची एक मोळी आम्ही आलो होतो त्या जीपमध्ये टाकली. मला म्हणाले, "चाळीस वर्सांत लई पानाडी बघितलं, मास्तर. 'मला म्हाईत न्हाय' म्हननारा ह्यो पयलाच."

दुसऱ्या दिवशी मी त्याला कोल्हापूर दाखवायला नेलं. कर्नाटक-महाराष्ट्राच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्यावर, पोलिसानं त्याचे कागद मागितले. कागद नीट होते. ते बघून होईपर्यंत यानं नाक्याच्या अलीकडच्या चहाच्या टपरीला दोरा टांगला, आणि नंतर पलीकडे जाऊन पुन्हा टांगला. पोलीस मागोमाग आला.

"काय मोजतोय ह्यो?"

"जमीन किती ओढते ते," मी म्हणालो.

"मग? कुठली जास्त वडती? आमची का त्यांची?"

केबेदेनं वहीत बघून सांगितलं, "सारखीच, साहेब."

"आयला," पोलीस म्हणाला, "मग आम्हाला उन्हात कशाला हुभं केलंय?"

आता प्रयोगशाळेचं सांगतो.

आमच्याकडे एक रीत आहे. आमच्याकडेच कशाला, मी जिथं जिथं गेलो तिथं तिथं पाहिली आहे. तिला 'रीडिंग बसवणं' म्हणतात. प्रयोगाचं उत्तर आधीच ठाऊक असतं. विद्यार्थी दोन-चार रीडिंग घेतो, उत्तर जुळत नाही असं दिसलं की पुस्तकातला आकडा खाली लिहितो आणि उलट्या बाजूनं हिशेब करत वरची रीडिंग तयार करतो. वरच्या वर्गाची जर्नलं खालच्या वर्गाकडे जातात, ती याचसाठी. परीक्षकांच्या सोयीसाठी विभागात एक वही असते, तिच्यात प्रत्येक प्रयोगाचं 'बरोबर' उत्तर लिहिलेलं असतं. परीक्षक वही उघडतो, आकडा पडताळतो, गुण देतो.

आमच्या विभागाची वही माझ्या अक्षरातली आहे. मी नवीन लागलो तेव्हा ती मीच केली. सातव्या पानावर लंबकाचा प्रयोग आहे: मीटरभर लांबीची एक जड धातूची कांब, तिला दोन धारा, एकदा सुलटी टांगायची, एकदा उलटी, झोके मोजायचे आणि पृथ्वीची ओढ काढायची. उत्तर म्हणून मी, सेंटीमीटरच्या हिशेबात, लिहिलं होतं: ९८०.

ते चूक आहे. पृथ्वी सगळीकडे सारखी ओढत नाही. उत्तरेकडे जावं तशी ओढ वाढते, आपल्याकडे ती थोडी कमी, आणि उंचीवर आणखी थोडी कमी. बेळगावात नीट प्रयोग केला तर उत्तर ९७८ च्या आसपास येतं. ९८० हा आकडा आपल्यापासून खूप उत्तरेला असलेल्या देशांचा. तिकडच्या पुस्तकातून तो आमच्या पुस्तकात आला, पुस्तकातून वहीत.

आणि हे मला माहीत होतं. मी विद्यार्थी असताना याच लंबकावर माझं उत्तर ९७८.६ आलं होतं. प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, "दोन वाढवून टाक की रं, कशाला डोकं लावतोस." मी वाढवले. पहिला आलो. त्यावर नोकरी लागली. पुढं अक्षांशाचं कोष्टक पाहिलं तेव्हा कळलं की मी बरोबर होतो. तरी वही करताना ९८० च लिहिलं, कारण सगळीकडे तेच होतं. आणि एकदा लिहिल्यावर ते खोडणं म्हणजे, ज्यांचे गुण मी कापले त्या सगळ्यांना उत्तर देणं.

केबेदे रीडिंग बसवत नसे. वर्गातल्या पोरांनी त्याला जर्नल देऊ केलं, तर त्यानं ते उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "हे कुणी मोजलंय?" पोरं हसली. त्यांनी त्याचं नाव 'ऑडिटर' ठेवलं. प्रयोगशाळा बंद व्हायच्या वेळेला मामा किल्ल्या वाजवत उभे, आणि हा खिडक्या लावून, पंखा बंद करून, घामानं भिजून झोके मोजत बसलेला. एका रीडिंगसाठी तीन दिवस.

पहिल्या सत्राच्या परीक्षेत चिठ्ठीत त्याला लंबकच आला. बाहेरून आलेले परीक्षक वयानं, मानानं माझ्याहून मोठे. दोन महिन्यांनी माझ्या बढतीच्या मुलाखतीला तेच बसणार होते. अंतर्गत परीक्षक मी. केबेदेचं उत्तर होतं ९७८.३. पुढं त्यानं लिहिलं होतं की यात इकडं-तिकडं ०.४ चा फरक असू शकतो. परीक्षकांनी वही उघडली.

"परत कर," ते म्हणाले.

त्यानं परत केला. ९७८.४.

"आमच्याकडे ९८० धरतात."

"सर, हे गाव पंधरा-सोळा अक्षांशावर आहे," केबेदे शांतपणे म्हणाला. "आणि समुद्रापासून साडेसातशे मीटर उंच."

परीक्षक माझ्याकडे वळले. "काय हो, काय आहे तुमच्याकडे?"

एवढाच तो क्षण होता. मला फक्त 'मुलगा बरोबर आहे' असं म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "वहीप्रमाणे ९८० आहे, सर."

परीक्षक चहाला उठले, तेव्हा मी त्याच्या टेबलाजवळ गेलो आणि कुजबुजलो, "९८० लिही आणि मोकळा हो. मी सांभाळतो."

तो म्हणाला, "सर, ९८० तर पुस्तकात होतंच. ते पुस्तक माझ्या गावीसुद्धा होतं. तेवढ्यासाठी मी इतक्या लांब आलो का?"

त्याला नापास केलं. तोंडी परीक्षेचे गुणही कापले, 'उद्धट' म्हणून. गुणपत्रिकेवर दोन सह्या होत्या, त्यातली एक माझी.

आता ही परीक्षा पुन्हा देता येणार होती ती वर्षानं, तिसऱ्या सत्राबरोबर. तीत पास झाला तरच पदवी दोन वर्षांत हातात पडणार होती. नाहीतर पदवी नाही आणि घरी नोकरीही नाही. एकच संधी.

त्या वर्षभरात सगळ्यांनी त्याला समजावलं. विभागप्रमुखांनी, पोरांनी, मामांनी. चंपाक्कांनीही. एका संध्याकाळी मी तिथं होतो.

"दोन आकड्यांसाठी नोकरी घालवनार व्हय रं?" त्या म्हणाल्या. "लिहून टाक त्येंला काय पायजे त्ये. तुझ्या मनात खरं असलं म्हंजे झालं."

केबेदेनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. बाराला पाच कमी होते. "आक्का, बारा वाजल्यावर जेवता?"

"न्हाय बाबा."

"घरात कोनी नसलं तर? दार लावलेलं असलं तर?"

"कोन बघतंय म्हनून पाळत न्हाय आपन."

"मग?" तो म्हणाला.

चंपाक्का उठल्या. ताट आत ठेवून आल्या आणि माझ्यापुढं उभ्या राहिल्या. "मास्तर, तुम्ही सांगा. त्येचा आकडा खरा हाय का खोटा?"

"खरा आहे," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणालो, तेही परीक्षेच्या खोलीत नव्हे, एका बाईच्या सोप्यात.

"मग त्येला कशाला समजावतायसा? जावा की, तिकडं जाऊन सांगा!"

मी गेलो नाही. मी काय केलं ते सांगतो. परीक्षेच्या सकाळी विभागाची ती वही उचलली आणि माझ्या पिशवीत, डब्याखाली दडवली.

या वेळी परीक्षक वेगळे होते. धारवाडकडचे, निवृत्तीला आलेले, कानाला यंत्र लावणारे गृहस्थ. परीक्षेला विद्यार्थी एकटाच. "चिठ्ठ्या कशाला टाकायच्या?" ते म्हणाले. "कुठला प्रयोग करतोस, बाळा?"

मी आदल्या दिवशी त्याला बजावलं होतं: विचारलं तर वर्णपटाचा प्रयोग सांग, तिथं वाद नाही.

"लंबक," केबेदे म्हणाला.

तीन तास त्यानं मोजलं. खिडक्या बंद, पंखा बंद. परीक्षक रुमालानं मान पुसत होते, पण पंखा लावा म्हणाले नाहीत. उत्तर ९७८.३. त्यांनी मला विचारलं, "तुमच्या विभागात काय येतं?"

मी म्हणालो, "वही सापडत नाहीये, सर."

"बरं. मग यानं काय लिहिलंय तेच वाचू या." चाळीस मिनिटं ते एकेक रीडिंग वाचत होते. मध्येच दोन प्रश्न विचारले. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "पुष्कळ वर्षांनी कुणीतरी मोजलेलं बघितलं." आणि भरपूर गुण दिले.

मी सुटलो असं मला वाटलं. बाहेर व्हरांड्यात मी केबेदेचा हात हातात घेतला आणि, खरं सांगायचं तर जरा फुशारकीनंच, वही कुठं आहे ते सांगितलं. तो आभार मानेल असं वाटत होतं.

त्यानं हात काढून घेतला. त्याला इतकं चिडलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं, नापास झाला त्या दिवशीही नाही.

"तुम्ही वही लपवलीत?"

"तू पास व्हावास म्हणून."

"मी पास झालो. आणि पुढच्या वर्षी? वही परत कपाटात जाईल. पुढच्या वर्षी ज्याचं उत्तर बरोबर येईल तो नापास होईल. त्याच्यासाठी कुठल्या पिशवीत लपवणार?" मग तो म्हणाला, "सर, त्या वेळी तुम्ही घाबरलात. ते मी समजू शकलो. आमच्याकडेही घाबरणारे मास्तर आहेत. पण आज तुम्ही चांगलं काम केलं असं तुम्हाला वाटतंय. हे मला चालत नाही."

मी म्हणालो, "वही दुरुस्त करतो." मनात म्हणालो, हा गेल्यावर बघू.

पुढचे सहा महिने तो दर सोमवारी माझ्या खोलीच्या दारात उभा राहून एकच शब्द विचारायचा. "वही?" मी म्हणायचो, "करतो." तो मान हलवून जायचा.

तो गेल्यानंतर मी संकेश्वरला गेलो. तिथं सुजाता राहते, माझी पंधरा वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. तिनं लंबकाचं उत्तर ९७८ लिहिलं होतं, मी आठ गुण कापले होते, तिचा पहिला वर्ग तेवढ्यानंच हुकला. त्यानंतर एकदा भेटली होती तेव्हा मला म्हणाली होती, "मी प्रयोगात कच्चीच होते, सर." आता ती बारावीच्या मुलांची शिकवणी घेते. मी तिला सगळं सांगितलं. ती रागावेल अशी माझी तयारी होती.  ती म्हणाली, "इतकी वर्षं मी माझ्या पोरांना सांगत आले, ९८० आलं नाही तर तुमचं चुकलंय. आता त्यांना कुठं शोधू, सर?"

माझ्याही विद्यार्थ्यांना मी आता कुठं शोधू? म्हणून हे छापायला देतो आहे. बेळगाव, निपाणी, संकेश्वर, चिकोडी, जिथं कुठं असाल तिथं वाचा: ज्यांनी आमच्या प्रयोगशाळेत ९७८ लिहिलं आणि माझ्याकडून गुण कापून घेतले, ते बरोबर होते. चूक माझी होती, आणि ती मला माहीत असताना मी केली. विभागाच्या बैठकीत मी हे सांगितलं, तेव्हा मला विचारलं गेलं, "इतकी वर्षं काय झोपला होता काय?" मी म्हणालो, "होय." आता कुठलाही परीक्षक ९८० म्हणाला, तर मी त्याच्यापुढं लंबक ठेवतो. पंखा बंद करतो. मोजा म्हणतो.

केबेदेला शेवटचं पाहिलं ते तो निघाला त्या सकाळी. आठ वाजले होते, त्याचे दोन. मी प्रयोगशाळेत एकटा होतो. तो आत आला, बॅग दारात ठेवली, लंबकासमोरच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "वही."

मी कपाटातून काढली. त्यानं सातवं पान उघडलं, माझ्यापुढं सरकवलं आणि खिशातला पेन त्यावर ठेवला.

"तूच लिही," मी म्हणालो. "मान तुझा आहे."

"माझा कशाला? अक्षर तुमचं आहे."

"तुझी गाडी चुकेल. तू जा, मी आज दुपारी—"

त्यानं मनगटाकडे बघितलं. "गाडी साडेतीनला आहे. दीड तास आहे." आणि हाताची घडी घालून बसला. वर्गात गृहपाठ न आणलेल्या पोराकडे बघत बसतात तसा.

मी ९८० वर रेघ मारली.  बाजूला ९७८.३ लिहिलं.

त्यानं वाकून बघितलं. "फरक?"

मी पुढं अधिक-उणे ०.४ लिहिलं.

"कधी? कुणी?"

मी तारीख घातली. सही केली. त्यानं पान वाचलं, शाई वाळेपर्यंत वही उघडी धरली, मग मिटून माझ्या हातात दिली. आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं. "बरोबर," एवढंच म्हणाला. अकरा वर्षं पोरांच्या वह्यांवर जो शब्द लिहिला असेल, तो.

मी खिडकीत गेलो. खाली रिक्षात चंपाक्का मांडीवर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन बसल्या होत्या आणि रिक्षावाल्याला बजावत होत्या, "हळू घे रं, तेल सांडंल." केबेदे त्यांच्या शेजारी बसला. रिक्षा वळली. मला वाटलं तो वर बघेल, हात करेल. त्यानं बघितलं नाही. रिक्षाच्या पुढच्या आरशाला लिंबू-मिरची टांगलेली होती आणि वळताना ती झुलायला लागली होती. त्यानं मान थोडी पुढं काढली, डावं मनगट डोळ्यांसमोर धरलं, आणि ओठ हलायला लागले. तो मोजत होता.